उरलेले सात बेदाणे

माझी पुतणी पल्लवी हिचं लग्न झालं ते साल २०३४. वैशाखातलं लग्न. मांडव उतरून चार दिवस झाले नव्हते, तोच गावातल्या बेदाण्याच्या शेडवर पुण्याच्या एका कंपनीची गाडी आली. लग्नातले बुंदीचे लाडू अजून डब्यात होते. गाडीतून उतरलेल्या मृणाल मॅडमना आम्ही पहिल्या दिवशी तेच दिले, म्हणून साल माझ्या पक्कं लक्षात आहे.

आमचं गाव तासगावच्या बाजूचं, द्राक्षाचं. फाल्गुन लागला की शेडमध्ये बायकांच्या रांगा बसतात आणि बेदाणा निवडतात. काड्या वेगळ्या, काळा वेगळा, पिवळा वेगळा, हिरवा वेगळा. मी हे काम तीस वर्षं केलं. कंपनीला अशाच बायका हव्या होत्या, पण निवडायचे होते शब्द.

अट एकच होती, वाचता आलं पाहिजे. मला येत होतं. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकले. गावच्या शाळेत संध्याकाळी पाच ते सहा गुरवबाई आम्हा म्हाताऱ्यांचा वर्ग घ्यायच्या. नव्याने लिहिणारा माणूस घाईत शब्द गाळतो, म्हणून त्यांनी एक सवय लावली होती. आधी वहीत लिहायचं. मग पहिल्यापासून बोट ठेवून वाचायचं आणि प्रत्येक शब्दाला एक बेदाणा बाजूला ठेवायचा. शेवटी बेदाणे मोजून आकडा खाली लिहायचा. उतरवून काढलेल्या कागदावर तेवढेच बेदाणे बसले तर ठीक, एखादा उरला तर शब्द गळाला. बाकीच्यांनी ती सवय सोडली. मी सोडली नाही. वर्ग संपला की बेदाणे खायला मिळायचे, हेही एक कारण.

कंपनी एक यंत्र तयार करत होती. त्याला सगळे चाळणी म्हणत. लोक फोनवर जिथं चारचौघांत चर्चा करतात तिथं शिव्यागाळी फार झाली होती. पल्लवी कॉलेजात असताना तिनं पाणीवाटपावर दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर अनोळखी माणसांनी तिला जे लिहिलं ते वाचून ती आठवडाभर नीट जेवली नाही. त्यामुळे अशी चाळणी येणार म्हटल्यावर मला ते पुण्यकर्मच वाटलं. आजही ते सगळं वाईट होतं असं मी म्हणणार नाही.

मृणाल मॅडमनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. यंत्राला शब्दाचा अर्थ कळत नाही, त्याला शेजार कळतो. लोकांनी लिहिलेली लाखो पानं ते वाचतं आणि कोणता शब्द कोणाजवळ बसतो ते बघतं. जे एकमेकांजवळ बसतात त्यांना एका गल्लीत घर देतं. विळा, खुरपं, कुदळ एका गल्लीत. भाकरी, पिठलं, ठेचा दुसऱ्या गल्लीत. माणसानं एका घरावर घाणेरडा म्हणून खूण केली, की यंत्र त्या गल्लीतल्या सगळ्या घरांकडे संशयानं बघू लागतं. म्हणून थोड्या खुणा पुरतात. गावाकडचे शब्द यंत्राला नीट येत नव्हते, म्हणून आम्ही.

काम सोपं होतं. पडद्यावर एक शब्द यायचा आणि खाली प्रश्न: ‘हा शब्द चारचौघांत बोलता येईल का?’ होय किंवा नाही दाबायचं. एकच शब्द तिघींना आपापल्या पडद्यावर दाखवत. तिघींचं उत्तर एक आलं की यंत्र ते शिकायचं. माझ्या डाव्या हाताला कालिंदी बसायची, उजव्या हाताला रत्ना. दिवसाला हजार शब्द व्हायचे. शिव्या आल्या की आम्ही पदरात तोंड घालून हसायचो.

“बया, ही तर माझ्या सासूची,” रत्ना म्हणायची. “सकाळी उठली की पयली हीच.”

“आणि तुझी?” कालिंदी विचारायची.

“माझी अजून आली न्हाई. यंत्राला सोसायची न्हाई.”

आषाढातल्या एका दुपारी पडद्यावर ‘थान’ हा शब्द आला.

माझ्या आधी तो कालिंदीला आला असावा, कारण ती “अगं बाई” म्हणून खाली बघायला लागली होती. मी तो शब्द बोट ठेवून वाचला. दोनच अक्षरं. लिहिलेला मी तो जन्मात पहिल्यांदा बघत होते. बाईच्या छातीला आमच्या गावात बायका हाच शब्द वापरतात, पण बाळंतिणीच्या खोलीत. सुगंधाला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, पल्लवी झाली तेव्हा पोर दूध ओढेना. त्या खोलीत मी हाच शब्द दहा वेळा बोलून तिला पोर कसं धरायचं ते शिकवलं. उंबऱ्याबाहेर आल्यावर मात्र ‘लेकराला घे’ एवढंच. सासऱ्यांसमोर, दिरांसमोर, नवऱ्यासमोरसुद्धा तो शब्द नव्हता.

प्रश्न होता, चारचौघांत बोलता येईल का. मी ‘नाही’ दाबलं. मी खोटं बोलले नाही. कालिंदीनं तेच दाबलं, रत्नानं तेच. यंत्राला उंबरा माहीत नव्हता आणि आम्हाला कुणी उंबऱ्याबद्दल विचारलं नव्हतं.

काम दोन वर्षं चाललं. २०३६ साली नियम आला की चारचौघांच्या प्रत्येक चर्चेला ही चाळणी लावायची. आधीच्या चाळण्या वाईट शब्दाच्या जागी फुल्या टाकायच्या. पण फुल्या बघून लोक शब्द ओळखायचे आणि पोरं मुद्दाम विचारायची. म्हणून नव्या चाळणीला सांधणी जोडली. ती शब्द काढून घ्यायची आणि उरलेलं वाक्य असं जुळवून द्यायची की वाचणाऱ्याला काही गेलं आहे हे कळूच नये. लिहिणाऱ्यालाही मागाहून तेच जुळवलेलं दिसायचं. गोधडीला ठिगळ लावलं की टाके तरी दिसतात. इथं टाकाही दिसत नव्हता. चर्चा स्वच्छ झाल्या. पल्लवी पुन्हा लिहू लागली.

आता सुगंधाचं सांगते.

२०३७ चा ऑक्टोबर. बागेत छाटणी चालू होती. सुगंधा दोन ओळी सोडून काम करत होती. कात्री थांबलेली ऐकू आली म्हणून मी बघितलं.

“आक्का, जरा हिकडं ये. आणि हात पूस.”

वेलीच्या आडोशाला तिनं माझा हात धरून चोळीवरून डाव्या बाजूला ठेवला. बोराएवढी गाठ होती. बोराच्या बीसारखी कडक.

“कधीपासनं?”

“बेंदूर झाला तवापासनं.”

“तीन महिनं झालं, सुगंधा! बोलायला काय झालतं?”

“कुणाला बोलू? ह्यास्नी? ते म्हणतील तेल लाव. दुखतबिखत न्हाई गं. दाबलं की जरा लालसर पाणी येतंय, एवढंच.”

उपकेंद्रात चल म्हटलं तर मान हलवली. “तिथं ते पोरगं डॉक्टर हाय, माझ्या पल्लवीच्या वयाचं. त्याच्यापुढं म्या चोळी काढू व्हय?”

तालुक्यातल्या बायका त्या वेळी ‘आरोग्य कट्टा’ नावाच्या चर्चेवर विचारायच्या. तिथं डॉक्टर फरांदे नावाच्या बाई उत्तर द्यायच्या. गर्भाचं, सांधेदुखीचं, पोरांच्या तापाचं. सगळ्यांचं वाचून उत्तर द्यायच्या आणि नीट द्यायच्या. सुगंधाला अक्षर येत नव्हतं. मी वही घेतली आणि बांधावर बसले. ‘माझ्या जावेच्या डाव्या’ इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं.

“काय झालं?” सुगंधानं विचारलं.

“काय लिहू? छातीजवळ लिहू?”

“जवळ कशाला? जिथं हाय तिथं लिही की. शब्द म्हाईत न्हाई व्हय तुला? मला तर मोठ्यानं शिकवत हुतीस.”

मी लिहिला. वहीत असं होतं: ‘माझ्या जावेच्या डाव्या थानात बोराएवढी कडक गाठ लागते. थान दाबले की लालसर पाणी येते. दुखत नाही. ताप नाही. काय करावे?’ ओच्यात बेदाणे होतेच. मोजले. वीस. खाली वीसचा आकडा लिहिला आणि मग फोनवर उतरवून काढलं. एक शब्दही गाळला नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘बहुतेक चरबीची गाठ असावी. दुखत नसेल, ताप नसेल तर घाबरू नका. वाढली तर लगेच दाखवा, नाहीतर तीन महिन्यांनी एकदा दाखवून घ्या.’

मी सुगंधाला वाचून दाखवलं. तिनं सुस्कारा टाकला. “बघ. उगीच भ्याले.”

लालसर पाण्याबद्दल डॉक्टरबाईंनी काही लिहिलं नव्हतं. ते माझ्या लक्षात आलं होतं. पण शिकलेल्या माणसांनी विचार करूनच सोडलं असेल, असं मी धरून चालले. आणि खरं सांगायचं तर माझ्या अक्षराला डॉक्टरांचं उत्तर आलं याचा मला आनंद झाला होता. आनंदात मी पुढचं विचारलं नाही.

तीन महिने संपले तेव्हा माल काढणीला आला होता. मग शेड सुरू झाली. दुखत नव्हतं, म्हणून सुगंधा थांबली. वाढत होती, ते तिनं मला सांगितलं नाही.

मार्चमध्ये पल्लवी पुण्याच्या सासरहून माहेरपणाला आली. आईची पाठ चोळताना तिनं बघितलं. कातडी आत ओढली गेली होती, संत्र्याच्या सालीसारखी दिसत होती. त्याच दिवशी गाडी करून ती आईला मिरजेला घेऊन गेली. तपासण्यांचे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी पल्लवीला बाजूला घेऊन सांगितलं की रोग हाडात उतरला आहे. ऑक्टोबरात आणलं असतं तर गोष्ट वेगळी असती.

पल्लवी तडक माझ्याकडे आली. मी अंगणात धान्य पाखडत होते.

“मोठ्याई, तू कट्ट्यावर काय लिहिलं होतंस?”

“सगळं लिहिलं होतं, बाळा.”

“हे सगळं?” तिनं फोन माझ्यापुढं धरला. “वाच. ‘डाव्या बाजूला’. बाजूला म्हणजे कुठं? बरगडीत? काखेत? कमरेला? लालसर पाणी येत होतं हे आई मला आज सांगतीय. ते कुठं आहे यात?”

“मी लिहिलं होतं.”

“लाजलीस तू. आईचा जीव जात होता आणि तू लाजलीस.”

ती मला असं कधी बोलली नव्हती. फोनवर खरोखरच तेवढंच होतं. मला वाटलं, वय झालं, आपणच ऐनवेळी लाजून तसं लिहिलं असेल. माणूस स्वतःवरचा विश्वास किती लवकर सोडतो ते मला त्या दिवशी कळलं.

मग वही आठवली. ती आत फडताळात होती. ते पान काढलं, शेजारी फोन ठेवला आणि बेदाण्याचा डबा घेऊन खाली बसले. वहीतल्या शब्दांवर बोट ठेवून वीस बेदाणे मांडले. मग फोनवरच्या एकेका शब्दाला त्यातला एकेक बेदाणा उचलून दिला. ‘माझ्या जावेच्या डाव्या बाजूला बोराएवढी गाठ लागते. दुखत नाही. ताप नाही. काय करावे?’ तेरा गेले. सात माझ्यापुढं उरले.

पल्लवी वर उभी राहून बघत होती. ती झरझर वाचणारी पोरगी, तिनं ते फोनवर दहा वेळा वाचलं असेल. ती हळूहळू खाली बसली. वहीवर बोट ठेवून तिनं माझ्यासारखंच सावकाश वाचलं. नुसता शब्द गेला नव्हता. त्याच्या शेजारचा ‘कडक’ गेला होता. लालसर पाण्याचं अख्खं वाक्य गेलं होतं. आणि ‘थानात’च्या जागी ‘बाजूला’ हा शब्द आला होता, जो मी लिहिलाच नव्हता.

“मोठ्याई,” ती म्हणाली आणि सात बेदाणे मुठीत घेतले. मी सांगितलं नव्हतं, तरी हे चाळणीनं केलं आहे हे तिलाही कळलं होतं. मला मात्र त्याच्या पुढचंही कळलं होतं. तो शब्द पडद्यावर आलेली आषाढातली दुपार मला आठवली होती.

मी मृणाल मॅडमना फोन केला. त्या आता त्या कामात वरच्या जागेवर होत्या. त्यांनी तीन आठवडे मागितले आणि ते संपताच स्वतः गावात आल्या. शेडमध्ये बसून त्यांनी लॅपटॉप उघडला.

“अनुसयाबाई, यात चूक शोधायला गेलं तर सापडत नाही,” त्या म्हणाल्या. “पुस्तकातला शब्द आम्ही सोडला होता. डॉक्टरांची यादी होती, त्यात तो आहे. बायकांचा शब्द त्या यादीत कुणी घातला नाही. आणि खुणेच्या यादीत तो आला, कारण तिघींनी ‘नाही’ म्हटलं.”

“त्यात मी हाय.”

“हो. तुम्ही, कालिंदीबाई, रत्नाबाई. पण प्रश्न आम्ही विचारला होता. चुकीचा विचारला. तुम्ही चारचौघांतलं उत्तर दिलंत आणि आम्ही ते दवाखान्यातसुद्धा लावलं. असे शब्द किती असतील ते मला आता मोजायला भीती वाटते. आतड्याचे, मुतखड्याचे, पाळीचे. जे जे लाजेच्या गल्लीत आहे ते ते.”

“मग काढा की खूण.”

“मला हातानं काढता येत नाही. नियमच तसा केला आहे, कुणा एकाच्या मर्जीनं शब्द आत-बाहेर होऊ नये म्हणून. त्याच जिल्ह्यातल्या तीन निवडणाऱ्या बायकांनी पुन्हा उत्तर द्यायला हवं, नावानिशी, उघड सुनावणीत. सगळ्यांना दिसेल असं.”

मला हा नियम रास्त वाटला. आजही वाटतो.

त्या संध्याकाळी मी सुगंधाकडे गेले. औषधानं तिचे केस गेले होते, डोक्याला पंचा बांधून ती भिंतीला टेकली होती. मी तिला सगळं सांगितलं. आषाढ, पडदा, माझं बोट. सांगून झाल्यावर मी तिच्याकडे बघितलं नाही.

“एवढंच?” ती म्हणाली.

“एवढंच काय म्हणतीस? माझ्या हातानं झालं हे.”

“तुझ्या एकटीच्या? शाणी हायस. यंत्र आलं कालपरवा. आपण जल्मभर काय करतोय? मी तुला तीन महिने सांगितलं न्हाई, तवा कुठलं यंत्र मध्ये आलतं? मी त्या पोरग्या डॉक्टराकडं गेले न्हाई, तवा कुठली चाळणी हुती?” तिला धाप लागली. पाणी प्यायली. “रडू नगंस. तुला रडताना बघितलं की मला हसू येतंय. नाक लई लाल होतंय तुझं.”

तिनं मला माफ केलं की नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. पण त्या दिवशी तिनं मला उठू दिलं नाही, जेवायला बसवलं.

आता तीन बायका हव्या होत्या. मी एक. रत्ना लेकीकडे चिपळूणला राहायला गेली होती. पण निवडणाऱ्या बायकांच्या यादीत तिचं नाव अजून आमच्याच जिल्ह्यात होतं. फोनवर ऐकून ती म्हणाली, “सुगंधासाठी? सांग कवा यायचं ते.” कालिंदीच्या घरी मी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी तिनं दारातच सांगितलं.

“अनुसया, मला नको त्यात ओढू. नाव लागणार, तोंड दिसणार. माझ्या सुना बघतील, व्याही बघतील. मला सुगंधाचं वाईट वाटतंय गं. पण मला जमायचं न्हाई.”

मी तिच्यावर रागावले नाही. चार वर्षांपूर्वी मीही कालिंदीच होते. माझ्या मुलानं, विलासनं, तेच घरात सांगितलं. “आई, गावात मान आहे आपला. ह्या वयात असले शब्द बोलून दाखवणार तू सगळ्यांपुढं?” मी त्याला म्हटलं, “तू तेच पिऊन मोठा झालास.” तो उठून बाहेर गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

तिसरी बाई मिळेना. जिल्ह्याच्या यादीत आणखी होत्या, पण उघड सुनावणी म्हटल्यावर सगळ्यांना काही ना काही काम निघत होतं. हे मी सुगंधाला सांगितलं. तिनं विचारलं, “यादीत बसायला काय लागतंय?”

“वाचता यायला लागतंय. परीक्षा असते. चाळीस शब्द मोठ्यानं वाचायचे.”

“किती दिवस लागतील शिकायला?”

“मला वर्ष लागलं.”

“तू ढ होतीस. मला वर्ष न्हाई.”

जूनमध्ये सुरुवात केली. गुरवबाई थकल्या होत्या, म्हणून मीच शिकवलं. मिरजेला औषध चढवायला नेलं की सुई एका हाताला असायची. दुसऱ्या हातानं ती गुडघ्यावरच्या पाटीवर गिरवायची. शेजारच्या खाटेवरच्या बायका बघायच्या. कधी उलटी यायची, मग पाटी खाली ठेवायची आणि पुन्हा उचलायची. ‘ण’ तिला काही केल्या जमेना. “हे अक्षर कुणी केलंय? त्याला जावई ‘ण’चाच मिळू दे,” असं म्हणायची. पल्लवी पुण्याहून दर शनिवारी यायची आणि आईची उजळणी घ्यायची. माझ्याशीही बोलायची, पण पहिल्यासारखं मोकळं नाही. ते जे ती अंगणात बोलली होती ते आमच्या दोघींच्या मध्ये बसलेलं असायचं. मला वाटतं, तिला त्याचं माझ्यापेक्षा जास्त लागलं होतं.

दिवाळीनंतर सुगंधानं परीक्षा दिली. चाळीसपैकी सदतीस.

सुनावणी नोव्हेंबरच्या अखेरीस आमच्याच शेडमध्ये झाली. कॅमेरा लावला होता. ज्याला बघायचं त्याला कुठूनही बघता येत होतं. डॉक्टर फरांदे पडद्यावर आल्या होत्या. पांढऱ्या केसांच्या, लहानखुऱ्या बाई. त्यांना मृणाल मॅडमनी आधीच सगळं सांगितलं होतं. त्या सुगंधाला म्हणाल्या, “‘बाजूला’ म्हणजे नेमकं कुठं, हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.” सुगंधानं नुसते हात जोडले.

शेडमध्ये गावातले पुरुष होते, क्रेट उचलणारे होते, माझे दीर होते. सुगंधाचे यजमान ते, मागे भिंतीला उभे होते. विलास आला होता. दारातच होता, पण आला होता.

पडद्यावर तोच शब्द आणि तोच प्रश्न. ‘हा शब्द चारचौघांत बोलता येईल का?’ रत्नानं दाबलं. मी दाबलं. सुगंधाला खुर्चीसकट पुढं आणलं. तिनं शब्दावर बोट ठेवलं, पण बटणाला हात लावला नाही.

मृणाल मॅडम म्हणाल्या, “सुगंधाबाई, होय किंवा नाही दाबायचं.”

“थांबा जरा. विचारलंय बोलता येईल का. मग आधी बोलून बघते.”

तिनं मान वर केली, शेडभर नजर फिरवली आणि तो शब्द मोठ्यानं वाचला. आवाज बारीक झाला होता, पण शेवटपर्यंत पोचला. कुणी हसलं नाही. तिनं पुन्हा वाचला आणि पुढं ती आपल्या मनानं बोलली, “माझ्या डाव्या थानात गाठ हाय. पयल्या दिवशी बोराएवढी हुती. ज्या बाईला लागंल तिनं त्याच दिवशी डॉक्टरला सांगावं.” मग तिनं ‘होय’ दाबलं.

भावजी भिंतीकडे तोंड करून उभे होते.

नियमाप्रमाणे एक महिना हरकतीसाठी ठेवला. हरकत आली नाही. १ जानेवारीपासून त्या शब्दावरची खूण निघाली आणि त्या गल्लीतले आणखी बरेच शब्द पुन्हा तपासायला घेतले. मृणाल मॅडमनी प्रश्नही बदलला. आता ‘कुणाशी, कुठं, कशासाठी’ असं विचारतात. त्यानं निवडणाऱ्या बायकांचं काम वाढलं, ते बरं झालं.

जानेवारीत सुगंधा अंथरुणातच होती. दुपारी उन्हाला खाट आणून ठेवायचो. ती कट्ट्यावर बायकांनी लिहिलेलं बोट ठेवून वाचायची. तालुक्यातल्याच एका बाईनं लिहिलं होतं, ‘माझ्या थानाला गाठ लागते, दोन दिवस झाले.’ खाली डॉक्टर फरांदेंचं उत्तर होतं, ‘उद्याच दाखवा. कुठं दाखवायचं ते सांगते.’ सुगंधानं ते मला तीन वेळा वाचून दाखवलं. मी म्हटलं, ऐकलं गं एकदा. ती म्हणाली, “मी कुठं तुझ्यासाठी वाचतीय?”

पुढच्या महिन्यात मी कट्ट्यावर जे लिहिलं ते आधी वहीत लिहिलं. पल्लवी शेजारी बसली होती. बेदाणे तिनंच मांडले, आणि मग फोनवर आलेल्या एकेका शब्दाला एकेक उचलून दिला. एकही उरला नाही. तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. लिहिलं होतं ते असं:

आमची सुगंधा, वय पंचावन्न, थानाच्या कर्करोगाने बुधवारी, ९ फेब्रुवारी २०३९ रोजी सकाळी वारली.